पण कोणता पायथन?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, आणून टाकायचं टूल म्हणजे पिप. पिप म्हणतं ती आधीच इन्स्टॉल आहे, "रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड". लगेच प्रोग्राम चालवला की पायथन म्हणतो असं कुठलं मॉड्यूलच नाही. आणि वैताग याचा की दोघंही खरं बोलतायत. पिप ज्या पायथनबद्दल बोलतंय तो वेगळा, प्रोग्राम ज्याच्यावर चालतोय तो वेगळा, आणि दोघं एकाच मशीनवर सुखाने नांदतायत. नवीन माणूस इथे काय करतो तर परत इन्स्टॉल करतो, मग सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, लावून करतो, मग कुठेतरी वाचून पिप३ वापरतो, शेवटी कशाने तरी चालतं, पण कशाने चाललं ते त्यालाही माहीत नसतं, आणि पुढच्या वेळी तेच सगळं पहिल्यापासून.

मला कुणी असला एरर पाठवला की मी एकच विचारतो, पण कोणता पायथन? समोरच्याला वाटतं व्हर्जन विचारतोय, तो सांगतो ३.११. मला व्हर्जन नको असतं, पत्ता हवा असतो. सिस-डॉट-एक्झिक्युटेबल, म्हणजे चालू पायथनचा डिस्कवरचा पत्ता, प्रिंट कर आणि जे येईल ते जसंच्या तसं पाठव. कारण एकाच मशीनवर ३.११ सुद्धा तीन-तीन असू शकतात, एक ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेला, एक तुम्ही स्वतः उतरवलेला, आणि एक कुठल्यातरी टूलने न विचारता आणून ठेवलेला. तिघांची साइट-पॅकेजेस, म्हणजे लायब्रऱ्या ठेवायची, फोल्डर वेगळी. लायब्ररी "मशीनवर" इन्स्टॉल होते हीच मुळात चुकीची समजूत आहे, ती एका विशिष्ट इंटरप्रिटरच्या, म्हणजे कोड चालवणाऱ्या एका पायथनच्या, फोल्डरमध्ये जाऊन पडते आणि बाकीच्यांना तिचा पत्ताही नसतो. साधं पिप म्हणून जे चालतं ना, ती सुद्धा एक छोटी फाइल असते, लिनक्स किंवा मॅकवर ती उघडून पहिली ओळ वाचली तर तिथे लिहिलेलं असतं ती कुठल्या पायथनची आहे. म्हणून अनुभवी लोक पिप असं नुसतं टाइप करत नाहीत, पायथन -एम पिप असं लिहितात. चार अक्षरं जास्त लागतात पण मग ज्याच्यावर चालवणार त्याच्यातच टाकणार याची खात्री असते.

आता प्रश्न असा की हे असं वेगवेगळं ठेवायची गरजच काय. लायब्ररी म्हणजे शेवटी फाइलीच ना, एकदा ठेवायच्या, ३.९ ने वाचाव्यात, ३.१२ ने पण वाचाव्यात. हा विचार मूर्खपणाचा अजिबात नाही, लिनक्सवाल्यांनी वर्षानुवर्षं तेच करायचा प्रयत्न केला. अडचण पहिली बाइटकोडची, म्हणजे पायथन स्वतःसाठी करून ठेवतो त्या कोडच्या रूपांतराची. पायथन प्रत्येक मॉड्यूल एकदा कंपाइल करून त्याची पीवायसी फाइल शेजारी ठेवतो आणि त्या फाइलच्या सुरुवातीला एक मॅजिक नंबर असतो, तो व्हर्जनप्रमाणे बदलतो. पूर्वी ही फाइल एकच असायची. म्हणजे दोन व्हर्जन एकच फोल्डर वापरत असतील तर पहिला आपली पीवायसी लिहिणार, दुसरा येऊन म्हणणार हा नंबर माझा नाही, तो परत कंपाइल करून आपली लिहिणार, की पुन्हा पहिला, असा खेळ चालू. २०११ मध्ये आलेल्या ३.२ ने यावर उपाय काढला, पेप ३१४७ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा अधिकृत प्रस्ताव). आज तुम्हाला प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ते डबल-अंडरस्कोर पायकॅश नावाचं फोल्डर दिसतं, ज्याला आपण सगळे गिटइग्नोरमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटने दुर्लक्ष करायच्या यादीत, टाकून विसरून जातो, ते यासाठी जन्माला आलं. आत बघा, फाइलच्या नावातच सीपायथन-३११ (सीपायथन म्हणजे नेहमीचा, सीमध्ये लिहिलेला पायथन) असं लिहिलेलं असतं, म्हणजे प्रत्येक व्हर्जनची आपापली फाइल, भांडण नाही. डेबियन या लिनक्सवर तर आजही सिस्टिमच्या लायब्रऱ्या पायथन३ एवढ्याच नावाच्या फोल्डरखाली डिस्ट-पॅकेजेसमध्ये असतात, मधला आकडाच नाही, डेबियनने दिलेली ३ मधली सगळी व्हर्जन तिथूनच वाचतात. वाटून घ्यायची ती जुनी कल्पना तिथे अजून जिवंत आहे.

दुसरी अडचण मात्र अशी सुटत नाही. नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी, किंवा क्रिप्टोग्राफी ही एन्क्रिप्शनची, किंवा डेटाबेसशी बोलणारे ड्रायव्हर, यांच्या आत सी नाहीतर रस्टमध्ये लिहिलेला आणि आधीच कंपाइल केलेला कोड असतो. तो कोड पायथनच्या आतल्या रचनेला चिकटलेला असतो, कुठलं ऑब्जेक्ट मेमरीत कसं मांडलंय इथपर्यंत, आणि ही रचना ३.११ मधून ३.१२ मध्ये जाताना बदलू शकते. म्हणून व्हील फाइलचं, म्हणजे इन्स्टॉलला तयार पॅकेजचं, ते भलंमोठं नाव. लोक ते बघतच नाहीत, मला विचाराल तर सगळ्या पॅकेजिंगमध्ये सगळ्यात प्रामाणिक गोष्ट तीच. सीपी३११ म्हणजे सीपायथन ३.११ साठीच, पुढे लिनक्स का विंडोज का मॅक, पुढे प्रोसेसर कोणता. पाय३-नन-एनी असं असेल तर शुद्ध पायथन आहे, ३ मधल्या कुठल्याही व्हर्जनवर टाका. आणि कधीकधी एबीआय३ दिसतं, म्हणजे त्या लायब्ररीवाल्यांनी फक्त स्थिर ठेवलेल्या मर्यादित रचनेवरच काम भागवलंय, एकदा कंपाइल केलेली फाइल पुढच्या व्हर्जनवरही चालते. क्रिप्टोग्राफीवाले हे करतात. सगळ्यांनी का करू नये असं वाटतं, पण वेगाच्या मागे असलेल्यांना त्या मर्यादेत राहणं परवडत नाही.

याचा रोजच्या जगण्यात परिणाम काय, तर पायथनचं नवीन व्हर्जन आलं आणि कुणीतरी हौसेने लगेच टाकलं की लायब्ररी इन्स्टॉल करताना स्क्रीनभर सी कंपायलरच्या शिव्या. बिचारा पायथन शिकायला आलेला आणि समोर हेडर फाइल सापडत नाही म्हणून जीसीसी ओरडतंय. झालेलं एवढंच असतं की त्या नव्या व्हर्जनसाठीचं व्हील अजून बनलेलं नाही, मग पिप सोर्स उतरवून तुमच्याच मशीनवर कंपाइल करायला बसतं. त्या चारशे ओळींच्या एररमध्ये हे एक साधं वाक्य कुठेच नसतं. मला याचा खरंच राग येतो.

२ आणि ३ बद्दल बोलल्याशिवाय हा विषय होतच नाही, जरी त्यावर इतकं लिहून झालंय की नको वाटतं. ३.० आलं डिसेंबर २००८ मध्ये. २.७ आलं २०१० मध्ये. २.७ चा सपोर्ट २०१५ ला संपणार होता तो २०२० पर्यंत वाढवला, १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे संपला, शेवटची २.७.१८ त्याच एप्रिलमध्ये निघाली. म्हणजे जवळजवळ बारा वर्षं लायब्ररी लिहिणाऱ्या माणसाला दोन भाषांत एकच वाक्य बोलायचं होतं. सुरुवातीला कल्पना अशी होती की २ मध्ये लिहा, टूल चालवा, ३ चा कोड आपोआप तयार. कागदावर छान. प्रत्यक्षात लोकांनी काय केलं तर दोन्हीकडे चालेल असा एकच कोड लिहायला घेतला, आणि त्यासाठी सिक्स नावाची एकाच फाइलची लायब्ररी, दोन त्रिक सहा, ती मग जगातल्या प्रत्येक प्रोजेक्टच्या डिपेंडन्सीत जाऊन बसली. आणि इथे भाषा बनवणाऱ्यांना मान तुकवावी लागली. ३.० मध्ये स्ट्रिंगच्या आधी यू लावणं काढून टाकलं होतं, कारण ३ मध्ये सगळ्या स्ट्रिंग युनिकोडच, यू कशाला. पण एकच कोड दोन्हीकडे चालवणाऱ्यांना तो यू हवा होता, म्हणून २०१२ च्या ३.३ मध्ये तो परत आणला, काही अर्थ नसलेला, नुसता चालवून घेण्यापुरता. मला हा निर्णय फार आवडतो. तात्त्विकदृष्ट्या घाण आहे आणि हजारो लोकांचं काम त्याने सोपं झालं.

त्यानंतर सगळ्यांनी शपथ घेतल्यासारखं झालं की परत असं मोठं काही करायचं नाही. बरोबर आहे. पण मोठा धक्का टाळला म्हणजे छोटे बसत नाहीत असं नाही, फक्त ते हप्त्याहप्त्याने येतात. ३.७ मध्ये असिंक हा राखीव शब्द झाला, आणि ज्या लायब्रऱ्यांनी आपल्या फंक्शनच्या एखाद्या पॅरामीटरला तेच नाव दिलं होतं त्या इम्पोर्ट होतानाच सिंटॅक्स एरर देऊन कोसळल्या. ३.१० मध्ये कलेक्शन्समधून मॅपिंग वगैरे थेट घेणं बंद झालं, ते ३.३ पासूनच एबीसी नावाच्या उपमॉड्यूलमध्ये हलवलेलं होतं, म्हणजे नऊ वर्षं जुना रस्ता उघडा ठेवला होता, तरी ज्या दिवशी बंद झाला त्या दिवशी अर्धं जग दचकलं. ३.१२ मध्ये डिस्टयूटिल्स गेलं, म्हणजे ज्याच्या जोरावर जुन्या सेटअप फाइली चालायच्या तेच गेलं, शिवाय नव्या व्हेन्वमध्ये (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन फोल्डर, त्याबद्दल पुढे) लायब्ररी बांधायचं सेटअपटूल्स आपोआप येणंही बंद झालं. ३.१३ मध्ये सीजीआय, टेलनेटलिब असली म्हातारी मॉड्यूलं एकदम गेली. इशारे आधी दिलेले असतात हे खरं, पण ते इशारे डीफॉल्टला दिसतच नाहीत, निदान दुसऱ्याच्या लायब्ररीच्या आतले तरी नाहीच, आणि दिसले तरी वाचतो कोण.

आणि ३.१० वरून आठवलं. हे व्हर्जन आलं तेव्हा टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरच्या यामल या मांडणीतल्या कॉन्फिगरेशन फाइलींमध्ये लोकांनी ३.९ च्या पुढे ३.१० लिहिलं, अवतरणचिन्हं न देता. यामलला वाटलं हा दशांश अपूर्णांक आहे, शेवटच्या शून्याला किंमत नाही, म्हणजे ३.१. मग सर्व्हर पायथन ३.१ शोधत बसले. शिवाय व्हर्जनची तुलना स्ट्रिंग म्हणून करणारा कोड जिथेजिथे होता तिथे ३.१० हे ३.९ पेक्षा लहान ठरलं. व्हर्जन हा आकडा नाहीच, तो टिंबांनी जोडलेल्या आकड्यांचा ओळीने वाचायचा संच आहे, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं आणि तरी असं होतं.

व्हेन्वकडे येतो. याच्याबद्दल लोकांच्या मनात उगाच गूढ असतं, जणू काही छोटं व्हर्च्युअल मशीन आहे. तसं काही नाही. एक फोल्डर, त्यात पायथनकडे बोट दाखवणारी एक लिंक, स्वतःचं साइट-पॅकेजेस, आणि एक छोटीशी कॉन्फिग फाइल ज्यात होम म्हणून मूळ पायथन कुठे आहे ते लिहिलंय. पायथन सुरू होताना आपल्या शेजारी किंवा एक पायरी वर ती फाइल आहे का बघतो, असली तर म्हणतो बरं, माझ्या लायब्रऱ्या इथल्या. संपलं. अ‍ॅक्टिव्हेट करणं म्हणजे जी जादू वाटते ती मुख्यतः पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, त्या फोल्डरचं बिन पुढे आणून ठेवणं. अ‍ॅक्टिव्हेट न करता थेट त्या फोल्डरमधला पायथन पूर्ण पत्त्याने चालवला तरी तेच होतं, आणि क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप, किंवा सर्व्हिसमध्ये चालवायचं असेल तर तसंच करावं. ही कल्पना व्हर्च्युअलएन्व म्हणून २००७ ची, भाषेत अधिकृतपणे आली ३.३ ला.

एवढं कळलं की बाकीचं आपोआप कळतं. व्हेन्व एका विशिष्ट पायथनला बांधलेलं असतं, म्हणून ३.१० चं व्हेन्व ३.१२ वर "अपग्रेड" करणं ही कल्पना सोडून द्यावी, नवीन बनवावं. ते उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये नेलं तर आतल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत जुना पत्ता राहतो, म्हणून नेऊ नये. पॅकेज मॅनेजरने, म्हणजे सिस्टिममध्ये सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या टूलने, मूळ पायथन काढून नवा टाकला तर लिंक हवेत लटकते आणि एका रात्रीत सगळी व्हेन्व मेलेली सापडतात. आणि या सगळ्यावर उत्तर एकच, पुसा आणि परत बनवा. ज्याला ते पुसायची भीती वाटते त्याच्याकडे आत काय होतं त्याची नीट यादी नाही, खरा आजार तो आहे.

सिस्टिमच्या पायथनला हात लावू नये हे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं आणि कुणी ऐकलं नाही. यम हे काही लिनक्सवरचं पॅकेज मॅनेजर पायथन २ मध्ये लिहिलेलं, ज्या मशीनवर यम आहे तिथे पायथन म्हटल्यावर ३ चालावा म्हणून कुणीतरी मूळ लिंक बदलायचा आणि मग यमच बंद, म्हणजे दुरुस्त करायला जे टूल लागणार तेच गेलेलं. शेवटी सांगणं थांबवून अडवणं सुरू झालं, पेप ६६८. २०२३ च्या डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकायला गेलं की ते सरळ नकार देतं, आणि तरी हट्टच असेल तर जो पर्याय द्यावा लागतो त्याचं नावच ब्रेक सिस्टिम पॅकेजेस असं आहे. यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार. तरी तो पर्याय कॉपी-पेस्ट करून चिकटवणारे आहेतच.

मग एकापेक्षा जास्त पायथन स्वतःचे हवेत तर पायएन्व. हे पाथच्या सुरुवातीला आपली शिम नावाची छोटी स्क्रिप्ट ठेवतं, तुम्ही पायथन म्हटलं की आधी ती चालते, चालू फोल्डरमध्ये आणि त्याच्या वरच्या फोल्डरांत व्हर्जन लिहिलेली फाइल शोधते, मग त्या पायथनला काम सोपवते. रूबीवाल्यांच्या आरबीएन्ववरून घेतलेलं आहे हे, जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडवाल्यांकडे एनव्हीएम, पर्लवाल्यांकडे पर्लब्रू. प्रत्येक भाषेला वयात आल्यावर हा आजार होतोच. फक्त नोडमध्ये एक मोठा फरक आहे, तिथे एकाच प्रोग्राममध्ये एका लायब्ररीची दोन व्हर्जन शेजारीशेजारी राहू शकतात, प्रत्येकाच्या पोटात त्याचं स्वतःचं नोड-मॉड्यूल्स. पायथनमध्ये चालू प्रोग्रामच्या आत एका नावाचं एकच मॉड्यूल. तुमच्या एका डिपेंडन्सीला नमपाय २ हवं आणि दुसरीला २ पेक्षा खालचं, तर मधला रस्ता नाही. २०२४ मध्ये नमपाय २ आलं तेव्हा हेच झालं, १ वर कंपाइल केलेली मॉड्यूलं २ वर चालेनात. सगळ्यांच्या अटी एकदम पाळणारी व्हर्जनची जुळणी शोधणं हा एनपी-कंप्लीट प्रश्न आहे, पिप २०२० च्या शेवटापर्यंत तो नीट सोडवतच नव्हतं, जे आधी सापडलं ते घेऊन पुढे जायचं. ही जुळणी शोधणारा नवा रिझॉल्व्हर आल्यावर लोक म्हणाले पिप हळू झालं. पूर्वी ते काम करतच नव्हतं हो.

लायब्ररी लिहिणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर वेगळीच डोकेदुखी. मी लिहिलेली एक छोटी लायब्ररी आहे, चार लोक वापरत असतील, तरी कुठल्या पायथनपर्यंत सपोर्ट करायचा हा प्रश्न मला सुटत नाही. ३.९ पासून दर ऑक्टोबरला नवं व्हर्जन येतं आणि प्रत्येकाला पाच वर्षं आयुष्य, म्हणजे कुठल्याही क्षणी साधारण पाच व्हर्जन जिवंत. टॉक्स नावाचं टूल लावून पाचांवर टेस्ट चालवता येतात, ते सोपं. अवघड हे की जुनं सोडायचं कधी. खालची मर्यादा लिहिली की काम छान होतं, जुना पायथन असलेल्या माणसाला पिप आपोआप माझं जुनं व्हर्जन देतं, त्याचं काही बिघडत नाही. वरची मर्यादा मात्र कधी लिहू नये असं माझं ठाम मत झालंय. वाटतं की ३.१३ वर टेस्ट केलं नाही तर ३.१३ नको असं लिहिणं जबाबदारीचं. होतं उलटंच, ३.१३ वाला माणूस आला की रिझॉल्व्हर मागे मागे जात ज्या जुन्या व्हर्जनमध्ये ही मर्यादा लिहिलेलीच नव्हती तिथे जाऊन थांबतो आणि ते त्याला देतो, जे चालण्याची शक्यता आणखीच कमी असते. काळजी म्हणून लावलेलं कुंपण त्याला नेमकं खड्ड्यात नेतं.

आता यूव्ही नावाचं टूल आलंय, २०२४ पासून, रस्टमध्ये लिहिलेलं, आणि खरं सांगायचं तर वरच्यातला बराच त्रास त्याने झाकून टाकला. पायथन पण तेच उतरवतं, व्हेन्व तेच बनवतं, लॉक फाइल, म्हणजे लायब्रऱ्यांच्या नेमक्या व्हर्जनची यादी, तेच लिहितं, आणि वेग असा की आधी वाटतं काही झालंच नाही. सगळ्यात हुशारीची गोष्ट मला वाटते ती कॅशची. लायब्ररीची फाइल डिस्कवर एकदाच ठेवायची आणि शक्य तिथे प्रत्येक व्हेन्वमध्ये तिची हार्डलिंक, म्हणजे त्याच फाइलचं दुसरं नाव, द्यायची. म्हणजे बघणाऱ्याला वीस वेगळी फोल्डर, डिस्कवर फाइल एकच. वाटून घ्यायची ती जुनी इच्छा दारातून हाकलली ती खिडकीतून परत आली.

पण डिस्कची जागा हा वाटून घेण्याचा एक फायदा होता, दुसरा सुरक्षेचा होता आणि तो परत आलेला नाही. क्रिप्टोग्राफीच्या व्हीलमध्ये ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी आतच बांधून येते. सिस्टिममध्ये एकच प्रत होती तेव्हा डिस्ट्रोवाल्यांनी, म्हणजे ते लिनक्स बनवणाऱ्यांनी, ती बदलली की सगळे प्रोग्राम सुधारले. आता माझ्या मशीनवर जितकी व्हेन्व तितक्या प्रती, कुठली कधीची ते त्या त्या लॉक फाइललाच माहीत, आणि सिस्टिम अपडेटचा त्यातल्या एकीलाही स्पर्श होत नाही. वेगळं ठेवण्याच्या बाजूचा मी माणूस आहे पण हे बिल कुणाच्या नावावर फाडायचं ते आपण ठरवलेलंच नाही. ऑडिट करणारी टूल्स आहेत, ती सांगतात काय जुनं झालंय, पण प्रत्येक प्रोजेक्टमध्ये जाऊन लॉक उघडून, व्हर्जन वाढवून, टेस्ट चालवून परत बंद करणं हे माणसालाच करायचंय. जो प्रोजेक्ट दोन वर्षं कुणी उघडला नाही आणि अजून कुठेतरी सर्व्हरवर चालू आहे तिथे ते कुणीच करत नाही.

मी सध्या काय करतो तर व्हेन्वला कधी जीव लावत नाही, प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये त्याचं त्याचं ठेवतो, लॉक फाइल गिटमध्ये, आणि पायथनपाथ नावाचा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल कुणाच्याही शेल फाइलमध्ये दिसला की आधी तो काढायला लावतो, कारण तो मशीनवरच्या प्रत्येक पायथनला सारखाच लागू होतो आणि ३.८ च्या लायब्रऱ्या ३.१२ च्या घशात कोंबतो. नवं व्हर्जन आलं की वेगळ्या व्हेन्वमध्ये खेळून बघतो, पण कामाचा प्रोजेक्ट हलवण्याआधी ज्या दोन-तीन जड लायब्रऱ्यांवर सगळं उभं आहे त्यांच्या फाइलींची यादी पायपीआय या पायथन लायब्रऱ्यांच्या साइटवर उघडून बघतो, नव्या व्हर्जनचं सीपी त्यात दिसतंय का. नसेल तर थांबतो. जुन्याची अजून काही वर्षं बाकी असतात.